पाकिटावरची सही

जानेवारी 2020. रात्री साडेनऊला पोलीस ठाण्यातून फोन आला, "साहेब, पंच म्हणून यावं लागेल." मी कृषी खात्यातला माणूस. सरकारी नोकर पंच फितूर होत नाही, म्हणून अशा वेळी आमचीच आठवण होते. स्वेटर चढवला आणि गेलो.

टेबलावर पेपर अंथरलेला, त्यावर गावठी कट्टा. इतक्या जवळून मी तो पहिल्यांदाच पाहत होतो. लोखंडावर कानशीचे ओरखडे तसेच होते. मुठीला दोन्ही बाजूंनी तपकिरी प्लास्टिकच्या पट्ट्या, त्यातल्या एकीचा स्क्रू वाकडा बसलेला. मॅगझिनमधून दोन जिवंत काडतुसं निघाली. हवालदारांनी पट्टीनं लांबी मोजली, पंचनाम्यात किंमत लिहिली 25,000. मग खाकी पाकीट, दोरा, वितळलेली लाख आणि लेबलावर आम्हा दोघा पंचांच्या सह्या. जळक्या लाखेचा तो वास अजून नाकात आहे.

मुलगा कोपऱ्यात फरशीवर बसला होता. वय 21, केळीच्या गाड्या भरणारा. कट्ट्यासोबतचा फोटो स्टेटसला ठेवला आणि सापडला. मी विचारलं, का रे घेतलंस? खाली मान घालून म्हणाला, "साहेब, हाई फक्त धाक दाखाडाले व्हतं."

हे सगळं आज लिहायचं कारण, परवा आमच्या मित्रांत जोरात वाद झाला. एकाचं म्हणणं, कायदा कितीही कडक करा, गुंडाला हत्यार मिळतंच. मग साध्या माणसालाही सहज परवाना द्या. मला हे अजिबात पटत नाही.

आमच्या गावात बांधावरून दोन चुलतभावांची भांडणं झाली. काठ्या निघाल्या, कुऱ्हाड निघाली. एकाच्या डोक्याला 22 टाके पडले, दुसऱ्याचा हात मोडला. दोन वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. आज कानबाईच्या रोटाला, आमच्या खानदेशातल्या सणाला, एकाच पंगतीत बसतात. त्या दिवशी दोघांपैकी एकाच्या कमरेला कट्टा असता, तर एक मसणात आणि दुसरा जेलात असता. राग तेवढाच, माणसं तीच. हातात काय होतं, त्यानं फरक पडला. काठी उगारलेल्याला मागून कुणी तरी धरतं. गोळीला कोण धरणार?

म्हणून कायदा कडकच हवा, यात मला शंका नाही. ऑस्ट्रेलियात 1996 साली पोर्ट आर्थरला एका माणसानं 35 जणांना मारलं. तिथल्या सरकारनं काही दिवसांतच कायदा कडक करायचं ठरवलं आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. तिथले बंदुकीचे बळी नंतर घटले. पण त्या बंदुका बहुतेक दुकानातून उघडपणे घेतलेल्या होत्या. आपल्याकडचं दुखणं वेगळं आहे. निवडणूक लागली की पीकसंरक्षणाचा परवाना असलेले म्हातारे शेतकरी आपली बंदूक ठाण्यात जमा करायला रांगेत उभे राहतात. कट्टेवाला त्या रांगेत कधी दिसलाय?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याहून लासूर, सत्रासेन ओलांडलं की सातपुड्यात उमर्टी लागतं. हद्दीपलीकडे मध्य प्रदेशचा बडवानी जिल्हा, आणि कट्टे घडवायच्या भट्ट्या तिकडे. घडवणारे सिकलीगर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रं बनवणारा समाज. हाताला दुसरं काम कुणी दिलं नाही, हेही मला मनापासून वाटतं. सगळ्या समाजाला गुन्हेगार ठरवणाऱ्यांचा मला राग येतो. पण तिथून निघालेला कट्टा जळगाव, भुसावळ, धुळ्यातच थांबत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये थेट पुणे पोलिसांचं मोठं पथक उमर्टीत उतरलं आणि भट्ट्या तोडल्या. दोन राज्यांच्या पोलिसांनी हे काम एकत्र, वर्षभर, न थांबता करायला हवं. पुण्यात गोळी झाडली गेल्यावर नाही, आधी.

आणि कायदा काही मऊ नाही. डिसेंबर 2019 मध्ये शस्त्र कायदा दुरुस्त झाला. बेकायदा हत्यार बनवणाऱ्या-विकणाऱ्याला पूर्वी 3 ते 7 वर्षं होती, ती किमान 7 वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत गेली. साधा कट्टा विनापरवाना बाळगला तरी 2 ते 5 वर्षं. म्हणजे तो पोरगा सापडला तेव्हा नवा कायदा लागू होऊन महिनाच झाला होता.

पुढे काय झालं? पोरगा जामिनावर सुटला. कट्टा बॅलिस्टिक तपासणीला, म्हणजे त्यातून गोळी सुटते का ते पाहायला, गेला. असा खटला चालवायला कलम 39 प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, तीही मिळाली म्हणे. त्यानंतर तारखा. दुसरे पंच निवृत्त होऊन मुलाकडे सुरतला गेले. पंचनामा लिहिणारे हवालदार दोनदा बदलून गेले. ज्यानं कट्टा विकला त्याचं नाव त्या रात्री पोरानं सांगितलं होतं, मी माझ्या कानांनी ऐकलं. तो माणूस पुढे सापडल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

ही कडक शिक्षा गल्लीतल्या पोरांना ठाऊक आहे का? त्यांना दिसतं ते एवढंच, की अमका पकडला गेला आणि पंधरा-वीस दिवसांत चौकात परत उभा राहिला, आधीपेक्षा जास्त भाव खात. सात वर्षांची शिक्षा सात वर्षांनीही लागणार नसेल तर तिला कोण भिणार? मला तर वाटतं, दोनच वर्षांची शिक्षा पण वर्षाच्या आत लागली, तर स्टेटसचे निम्मे फोटो आपोआप बंद होतील. जळगाव, धुळे, नंदुरबारला शस्त्र कायद्याच्या खटल्यांसाठी वेगळं कोर्ट द्या, बॅलिस्टिकच्या अहवालाला मुदत घाला, आणि दर खटल्यात विकणारा आरोपी झालाच पाहिजे हे बघा. आमदार-खासदारांकडे गटारी-रस्त्यांसाठी जातो, तसं यासाठीही जायला हवं. मी माझ्यापुरतं निवेदन लिहून ठेवलंय. ज्यांना सही करायची त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा.

तो मुलगा मध्यंतरी बाजारात भेटला. लग्न झालंय, कडेवर पोरगी होती. "साहेब, तारीख कव्हय से?" तारीख कधी आहे, हे त्यानंच मला विचारलं.

समन्स मलाही अजून आलेलं नाही.