लडाखचा प्लॅन लातुरात चालत नाही

ऊन तापलं की ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो: ‘लडाखमध्ये उणे वीसमध्ये हीटरशिवाय घरं उबदार राहतात. तसंच बांधा. दक्षिणेला मोठी काच, जाड मातीच्या भिंती, फट नसलेली दारं-खिडक्या. मराठवाड्यात एसी लागणारच नाही.’ लडाखचं खरं आहे. फे गावाजवळच्या सेकमॉल या शिक्षणसंस्थेच्या इमारती तशाच आहेत. गडबड पुढच्या वाक्यात आहे.

आधी काचेचं बघू. लेह 34 अंश अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 32 अंश वर येतो, तिरपं ऊन काचेतून थेट खोलीत शिरतं आणि तिथे तेच हवं असतं. लातूर 18 अंशांवर. मेच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, सावली पायाखाली. दक्षिणेच्या भिंतीवर तेव्हा ऊन पडतच नाही म्हटलं तरी चालेल. तापतो स्लॅब, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. त्या काचेतून ऊन आत येणार ते ऑक्टोबर हीटमध्ये! दुहेरी काच लावली तरी येणारच.

फटी बुजवण्याचं तर बोलूच नका. आपल्याकडे कितीतरी घरांत कूलर आहे. कूलर चालू करून खिडकी लावून घेतली, की तासाभरात चादर दमट, अंग चिकट. ओली हवा बाहेर जायला वाट लागते. एसी असेल तर फटी जरूर बुजवा, पण मेसेज तर एसी नको म्हणतोय.

जाड भिंतीचं म्हणणं अर्धं बरोबर. ती दुपारचा ताप अडवते, पण रात्री निवली तरच. मेमध्ये रात्रीही पारा पंचविशीच्या फारसा खाली येत नाही, तेव्हा ती पहाटेपर्यंत ऊब सोडत राहते. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरातली माणसंही उन्हाळ्यात अंगणात नाहीतर माळवदावरच झोपायची की. शिवाय 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत काय झालं ते इथे कुणाला सांगायला नको: दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माती, सगळं माणसांवर आलं. मातीचं बांधायचंच असेल तर भूकंपाचा हिशेब करणारा इंजिनिअर गाठा.

लडाखकडून घ्यायचाच तर छतातला उष्णतारोधक थर घ्या. तिथे तो ऊब आत धरतो, इथे ऊन बाहेर ठेवेल. स्लॅबच्या वरून टाका, त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे. बजेट नसेल तर निदान दर उन्हाळ्याआधी चुना. जिना, न्हाणी पश्चिमेला. काचेचं कोटेशन त्यानंतर मागवा.