रेस्क्यू कोर्ससाठी शंभर डाइव्हची वाट कशाला?

मालवण, नेत्राणी किंवा अंदमानहून ओपन वॉटर या स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या पायरीचे कार्ड घेऊन नाशिकला परतलेल्या हौशी डायव्हरांमध्ये एक सल्ला सध्या या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: रेस्क्यू कोर्सची, म्हणजे संकटातल्या डायव्हरला वाचवायला शिकवणाऱ्या कोर्सची, घाई करू नये, किमान शंभर डाइव्ह होऊ द्याव्यात, तो कोर्स मुळात डायव्हिंगचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे, नवख्याने दुसऱ्याला वाचवायला जाणे म्हणजे एकाच्या जागी दोघांनी बुडणे, बोटीवर डाइव्हमास्टर, म्हणजे डायव्हरांना पाण्याखाली नेणारा व्यावसायिक वाटाड्या, असतोच आणि आपल्याला उत्तम पोहता येतेच, वर्षातून एकदा समुद्रावर जाणाऱ्याला या शिक्षणाचा उपयोग नाही, आणि लवकर शिकलेले विसरूनही जाते. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यात एका ठिकाणी तथ्यही आहे आणि ते मी पुढे मान्य करणार आहे. परंतु हा मजकूर जसाच्या तसा पाळला, तर ज्यांना या शिक्षणाची सर्वाधिक गरज आहे तेच त्यापासून दूर राहतील. (इन्स्ट्रक्टरने सिलिंडर धरून पंधरा मिनिटे मासे दाखवून आणलेल्या पर्यटकांना यातले काहीच लागू नाही, हा विचार कार्डधारक डायव्हरांपुरता आहे.)

शंभर हा आकडा आला कुठून, हे कोणी सांगत नाही. डायव्हिंगचे प्रशिक्षण देणाऱ्या पॅडी या संस्थेच्या नियमांनुसार रेस्क्यू डायव्हर होण्यासाठी अ‍ॅडव्हेंचर डायव्हर ही पायरी, पाण्याखाली दिशा शोधण्याची एक डाइव्ह, किमान १२ वर्षे वय आणि मागील २४ महिन्यांत घेतलेले सीपीआर (हृदय बंद पडल्यास छाती दाबून आणि श्वास देऊन करायचा उपचार) व प्रथमोपचाराचे प्रशिक्षण एवढ्याच अटी आहेत. डाइव्हची किमान संख्या त्यांत नाही. एसएसआय या दुसऱ्या संस्थेचा ‘स्ट्रेस अँड रेस्क्यू’ हा कोर्स तर ओपन वॉटर झालेल्यालाही खुला आहे. ब्रिटनमधील बीएसएसी या क्लब-संघटनेत बेशुद्ध डायव्हरला वर कसे आणावे, हे स्पोर्ट्स डायव्हर या दुसऱ्याच पायरीवर शिकवतात. याहून गमतीची गोष्ट अशी की पॅडीचा डाइव्हमास्टर कोर्स ४० डाइव्हवर सुरू करता येतो, ६० डाइव्हवर पूर्ण होतो आणि रेस्क्यू ही त्याची पूर्वअट आहे. शंभर डाइव्हचा नियम मानायचा, तर माणसाने आधी डाइव्हमास्टर व्हावे आणि त्याची पूर्वअट नंतर सवडीने पुरी करावी.

शिवाय नाशिककराचा हिशेब वेगळा आहे. समुद्र गाठायचा तर रजा, आरक्षण आणि घरच्यांची संमती हे सगळे जुळून यावे लागते, आणि पावसाळ्यात कोकणचा किनारा डायव्हिंगला बंदच असतो. नोकरी-धंदा सांभाळून वर्षाकाठी एक सफर आणि तीत आठ-दहा डाइव्ह, असे धरले तर शंभरी भरायला किमान दहा वर्षे लागतील. ओपन वॉटरचे कार्ड मात्र १८ मीटरपर्यंत बडीसोबत (जोडीदार डायव्हरसोबत), इन्स्ट्रक्टर बरोबर नसतानाही, उतरण्याची मुभा पहिल्याच दिवसापासून देते. दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी पहिल्याच कार्डावर घ्यायची आणि ती पेलण्याचे शिक्षण दहा वर्षांनी, या क्रमाचे समर्थन कसे करणार? हा कोर्स व्यावसायिकांसाठी आहे, या मुद्द्याचे उत्तरही यातच येऊन जाते. व्यावसायिकांना तो सक्तीचा आहे एवढेच खरे. बाकीच्यांना तो मना आहे, असे कुठेही म्हटलेले नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप घेऊ: नवख्याने वाचवायला जाऊ नये, दोघेही बुडतील. गोदावरीच्या काठी राहणाऱ्यांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही. एकाला वाचवायला उडी घेतलेला दुसराही गेला, अशा बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. पण त्या दुर्घटना अप्रशिक्षित माणसांच्या आहेत, आणि त्या टाळण्याचाच अभ्यास या कोर्समध्ये करून घेतात. घाबरलेल्या डायव्हरचा सराव पाहिला की हे ध्यानात येते. इन्स्ट्रक्टर पृष्ठभागावर हात आपटत, मास्क कपाळावर ढकलून, रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारे साधन) थुंकून टाकून घाबरल्याचे सोंग करतो. शिकणाऱ्याने त्याच्यापर्यंत झेपावायचे नसते. काही अंतरावर थांबायचे, आपले बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरता येणारे जॅकेट) फुगवायचे, मोठ्याने आणि ठाम आवाजात ‘जॅकेट फुगवा, वेट सोडा’ (वेट म्हणजे खाली जाण्यासाठी अंगावर बांधलेली वजने) असे सांगायचे आणि जवळ तरंगणारी एखादी वस्तू असेल तर ती पुढे सरकवायची. ऐकत नसेल तर वळसा घालून, किंवा त्याच्या खालून जाऊन, पाठीमागून यायचे, त्याचे सिलिंडर आपल्या दोन्ही गुडघ्यांत पकडायचे आणि त्याचे बीसीडी फुगवायचे. त्या स्थितीत त्याचे हात वाचवणाऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. आणि एवढे करूनही त्याने समोरून मिठी मारलीच, तर रेग्युलेटर तोंडात ठेवून थोडे खाली जायचे. घाबरलेल्या माणसाला खाली जायचे नसते, तो आपोआप पकड सोडतो. केव्हा जवळ जायचे नाही आणि जवळ गेलोच तर सुटायचे कसे, हे शिकवल्यानंतरच पुढचे धडे सुरू होतात. दोघे बुडतील अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी तर हा कोर्स आधी करायला हवा.

शिवाय रेस्क्यू म्हणजे बेशुद्ध माणसाला ओढत बोटीपर्यंत नेणे, एवढेच चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे असते. ते शिकवतात हे खरे, आणि ओढता ओढता श्वास देत देत त्याचे साहित्य उतरवणे हे दमछाक करणारे काम आहे. पण कोर्समधून मिळणारी खरी मिळकत त्याच्या बरीच आधीची असते. एरवी बडबड करणारा माणूस बोटीवर अचानक गप्प का झाला, कोणी मास्कचा पट्टा चौथ्यांदा का घट्ट करतो आहे, हे दिसू लागते. बडीने रेग्युलेटरमधून दोन-चार श्वास घेऊन पाहताना त्याच्या गेजचा (सिलिंडरमधील हवेचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा) काटा प्रत्येक श्वासाला खाली येऊन परत वर जात असेल, तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. ही गोष्ट डेकवर लक्षात आली तर हाताने फिरवण्याचे काम आहे, वीस मीटरवर लक्षात आली तर श्वास ओढूनही पुरेशी हवा येत नाही. स्वतःच्या पायात गोळा आला, भोवंडल्यासारखे झाले, हवा संपत आली, तर काय करायचे याची उजळणीही त्यात आहे. एकट्यापुरता विचार केला तरी नवख्याला यातला कोणता भाग नको आहे, ते मला समजत नाही.

‘बोटीवर डाइव्हमास्टर असतोच’ या वाक्यातला ‘बोटीवर’ हा तपशील पाण्याखाली लागू पडत नाही. मालवणच्या पाण्यात दृश्यता अनेकदा चार-पाच मीटरच असते. डाइव्हमास्टर पुढे, त्याच्यामागे दोन जोड्या, असे गृहीत धरले तर शेवटच्या जोडीत काय चालले आहे ते त्याला मान वळवूनही दिसेल याची खात्री नाही. तो चुकला असे नव्हे. पाणीच तसे आहे. अशा वेळी हाताच्या अंतरावर एकच माणूस असतो, तो म्हणजे बडी. आणि वेळ किती मिळतो? डायव्हर्स अ‍ॅलर्ट नेटवर्क या डायव्हर-सुरक्षेच्या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातील ९४७ डायव्हिंग-मृत्यूंचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. ज्या प्रकरणांत घटनेची सुरुवात कशाने झाली हे कळू शकले, त्यांपैकी ४१ टक्के प्रकरणांत ती श्वासाची हवा अपुरी पडण्याने झाली होती, आणि पुढच्या टप्प्यावर घाईघाईने वर येणे हे सर्वांत मोठे घातक कारण ठरले होते. हवा संपलेल्या माणसाजवळ काही सेकंद असतात. गेजवर नजर ठेवणारा, आपला ऑक्टोपस (जादा रेग्युलेटर) पुढे करून मनगट धरणारा आणि सावकाश वर आणणारा बडी तेव्हा जवळ हवा. डाइव्हमास्टर येईपर्यंत तो प्रश्न बहुधा एका बाजूने निकालात निघालेला असतो.

पोहण्याबद्दल थोडक्यात. त्र्यंबक रोडवरच्या तरणतलावात रोज सकाळी तासभर पोहणारे आणि लहानपणी धरणावर सूर मारलेले पट्टीचे पोहणारे नाशिकमध्ये पुष्कळ आहेत, आणि दम टिकण्यासाठी त्याचा उपयोग निश्चित होतो. तथापि पोहणाऱ्याची उपजत ओढ बुडणाऱ्याला शक्य तितक्या लवकर वर खेचण्याची असते. दाबाखालची हवा घेतलेल्या माणसाच्या बाबतीत हीच ओढ घात करू शकते, कारण दहा मीटरवरून पृष्ठभागावर येताना फुप्फुसांतील हवेचे आकारमान दुप्पट होते आणि श्वास रोखून धरलेला असेल तर फुप्फुस फाटून हवेचे बुडबुडे थेट रक्तात जाऊ शकतात. हे ज्ञान तरणतलावात मिळत नाही.

वर्षातून एकदाच समुद्रावर जाणाऱ्याला उपयोग नाही, हा मुद्दा मला सर्वांत चुकीचा वाटतो, आणि त्याचे एक कारण आपल्या गावाच्या उंचीत आहे. डाइव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात उंचीवर गेल्यास हवेचा दाब कमी होऊन बुडबुड्यांचा धोका वाढतो. विमानप्रवासापूर्वी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास थांबावे, असे डायव्हर्स अ‍ॅलर्ट नेटवर्कचे मार्गदर्शन आहे, आणि ते सुमारे २,००० फुटांपासून पुढच्या उंचीसाठी दिलेले आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, म्हणजे जवळजवळ त्याच रेषेवर आहे. मालवणहून परतताना वाटेत येऊ शकणारा आंबोलीचा घाटमाथा तर ६९० मीटरच्या आसपास, म्हणजे रेषेच्या वर. दुपारी शेवटची डाइव्ह करून, कपडे वाळायच्या आत गाडीला किल्ली मारून रात्रीतून घर गाठणारे लोक विमानाचा नियम तोंडपाठ म्हणतात आणि घाट मात्र त्यांच्या हिशेबात नसतो. मग दुसऱ्या दिवशी खांदा किंवा कोपर ठणकू लागतो, बोटांना मुंग्या येतात, विलक्षण थकवा जाणवतो, आणि सगळे खापर रात्रभराच्या ड्रायव्हिंगवर फुटते. अशा बुडबुड्यांमुळे होणाऱ्या डीकम्प्रेशन आजाराची लक्षणे बहुधा पहिल्या २४ तासांत दिसतात, म्हणजे नाशिककराच्या बाबतीत ती घरी आल्यावर दिसण्याची शक्यता भरपूर. तेथे डाइव्हमास्टर नाही, आणि फॅमिली डॉक्टरांनी असा रुग्ण कदाचित पाहिलेलाही नाही. हे दुखणे डाइव्हशी संबंधित असू शकते असे म्हणणारा, शंभर टक्के ऑक्सिजन लावण्याचा आग्रह धरणारा, शेवटच्या डाइव्हची खोली आणि वेळ डॉक्टरांना नेमकी सांगणारा आणि रिकम्प्रेशन चेंबरची (रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवणाऱ्या बंद कक्षाची) चौकशी करायला लावणारा माणूस घरातच असावा लागतो. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात असा चेंबर आहे. दाबाशी संबंधित दुखापतींची ओळख आणि त्यांवरचा प्रथमोपचार हा रेस्क्यू कोर्सचा ठरलेला भाग आहे, हे तो मजकूर लिहिणाऱ्यांच्या गावीही नसावे.

आता तथ्य कोठे आहे ते सांगतो. ज्याला स्वतःचीच खोली सांभाळता येत नाही, त्याने दुसऱ्याला सांभाळण्याचा कोर्स घेऊ नये, हे बरोबर आहे. एकाच सुट्टीत ओपन वॉटर, अ‍ॅडव्हान्स्ड आणि रेस्क्यू असे तीनही उरकून टाकणाऱ्या पॅकेजला माझा विरोध आहे. तिथे शिकणाऱ्याचे सगळे लक्ष स्वतःच्या मास्कमध्ये शिरणाऱ्या पाण्यात अडकलेले असते. पण यावर मोजमाप हवे ते उरलेल्या लक्षाचे, डाइव्हच्या संख्येचे नव्हे. पाच मीटरवरच्या तीन मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपला (वर येताना घ्यायच्या थांब्याला) दोर न धरता आणि पाय न झाडता स्थिर राहता येते का? मास्क पूर्ण भरून रिकामा करताना खोली फार तर हातभर बदलते का? गेज न पाहता आपल्याकडे साधारण किती हवा उरली आहे याचा अंदाज बांधता येतो का, आणि बडीकडे किती उरली आहे हे विचारण्याची आठवण राहते का? या प्रश्नांना होकार देता आला की वेळ झाली असे समजावे. माझ्या मते बहुतेकांना तो वीस ते तीस डाइव्हच्या दरम्यान देता येतो. काहींना पंधरातच, काहींना पन्नासनंतरही नाही. त्या टप्प्यावर हातात पैसे असतील तर पाण्याखालचा कॅमेरा घेण्याआधी ते या कोर्सला द्यावेत. उरलेले सगळे लक्ष कॅमेरा खातो आणि बडी फोटोच्या चौकटीबाहेर राहतो.

राहता राहिला विसरण्याचा मुद्दा. विसरते, हे खरेच. सीपीआरची सफाई तर काही महिन्यांतच ओसरू लागते. पण जे दहाव्या वर्षी शिकले तेही अकराव्या वर्षी विसरणारच, तेव्हा उशिरा शिकण्याने यातून सुटका होत नाही, उजळणीनेच होते. ती जमवणे नाशिकमध्ये राहूनही अवघड नाही. कोर्सचे वाचन आणि सीपीआर-प्रथमोपचाराचा वर्ग पावसाळ्यात, किनारा बंद असताना उरकावा, मात्र तो वर्ग आपल्या संस्थेला मान्य आहे ना हे आधी विचारून घ्यावे. ऑक्टोबरनंतरच्या सफरीत दोन-तीन दिवस फक्त समुद्रातील सरावाला ठेवावेत. आणि त्यापुढच्या प्रत्येक सफरीत पहिल्या डाइव्हनंतर, बोटीवर चढण्यापूर्वी, बडीला पन्नास मीटर ओढत नेण्याचा आणि ऑक्टोपस देत पाच मीटरवरून वर येण्याचा सराव करण्याची परवानगी डाइव्हमास्टरकडे मागून घ्यावी.