काचेवरचं ते सोनं भट्टीत भाजलेलं नसतं

जुन्या फर्निचरबद्दलची एक पोस्ट सध्या खूप फिरते आहे. फोटोत दोनशे वर्षांपूर्वीचं नवअभिजात शैलीतलं टेबल आहे, त्यावर काळ्या-सोनेरी चित्रांच्या काचा बसवलेल्या. खाली चार विधानं: काचेच्या मागच्या बाजूला सोनं आणि रंग लावून चित्र काढायची ही कला ग्लोमी नावाच्या फ्रेंच माणसाने शोधली, चित्र भट्टीत भाजून पक्कं केलेलं असतं, त्यामुळे ते ओल्या फडक्याने बिनधास्त पुसावं, आणि कुठेही रंगाचा टवका न उडालेली काच हीच अस्सलपणाची खूण. चारही विधानं चुकीची आहेत. तिसऱ्याने तर चांगल्या वस्तू कायमच्या जातील.

ज्याँ-बाप्तिस्त ग्लोमी पॅरिसमध्ये चित्रांच्या चौकटी सजवायचा. 1786 मध्ये तो वारला. काचेवर मागून सोनेरी पट्ट्या काढून चित्राला किनार देण्याची त्याची पद्धत गाजली, म्हणून पुढे 19 व्या शतकात या कामाला ‘एग्लोमिझे’ हे नाव मिळालं. कला त्याच्या कितीतरी आधीची. चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने 1400 च्या सुमारास तिची कृती लिहून ठेवली आहे: अंड्याच्या पांढऱ्या बलकाने सोन्याचा वर्ख काचेला चिकटवायचा, सुईने कोरायचा, मागून रंग भरायचा.

आता भट्टीचं. चौथ्या शतकातल्या रोमन पेल्यांच्या बुडाशी दोन काचांमध्ये वर्ख ठेवून त्या तापवून एकजीव केलेल्या दिसतात. बहुधा गोंधळ तिथूनच झाला असावा. पण अमेरिकेत बाल्टिमोरच्या कारागिरांनी 1800 च्या आसपास महोगनीच्या टेबलांत आणि लिहिण्याच्या मेजांत ज्या लंबगोल काचा बसवल्या, त्यांवरचं काम थंडच, म्हणजे न भाजता केलेलं आहे. सारं उलट्या क्रमाने. जे आपल्याला सर्वांत पुढे दिसतं ते आधी, पार्श्वभूमी शेवटी. आणि अक्षरं असतील तर तीही उलटी. काच रंग शोषत नाही. रंग फक्त चिकटलेला असतो. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, काच तशीच राहते. वर्षं जातात तसा रंग कडक होतो आणि सुटू लागतो. सुटलेल्या जागी मध्ये हवा शिरते, म्हणून समोरून तिथे फिकट धुरकट डाग दिसतो.

म्हणूनच ओलं फडकं नको. आमच्या घरी काचेवर मागून रंगवलेला जुना बाळकृष्ण होता. दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी चौकट उघडून तो मागून पुसला. अर्धा चेहरा फडक्यावर आला. तंत्र तेच, धोकाही तोच. समोरून पुसतानाही फवारा मारू नका, पाणी कडेने आत जातं. कोरडा मऊ ब्रश पुरेसा आहे, आणि मागची बाजू संवर्धकाशिवाय कुणी उघडू नये.

राहिली ‘निर्दोष’ काच. सायमन विलार्ड या अमेरिकन घड्याळजीने 1802 मध्ये पेटंट घेतलेली, बॅन्जो या तंतुवाद्याच्या आकाराची भिंतीवरची घड्याळं बघा. त्यांतल्या रंगवलेल्या काचा फुटल्या, रंग गळला, म्हणून कितीतरी घड्याळांत नंतर नव्या काचा बसवल्या गेल्या. अगदी स्वच्छ, सपाट काच दिसली की मी आधी तीच तपासायला सांगेन. जुनी काच तोंडाने फुंकून केलेली असते. तिरपं पाहिलं तर पृष्ठभाग किंचित लाटांसारखा दिसतो, एखादा बुडबुडाही सापडतो. टवके उडालेत एवढ्यावरून कुणी तुम्हाला ती वस्तू नकली ठरवून स्वस्तात मागत असेल, तर देऊ नका.