उठसूट थँक्यू

घरच्यांशी फोनवर बोलताना एक वाद ठरलेला असतो. एक बाजू म्हणते, आपल्याकडे कुणी साधं थँक्यूसुद्धा म्हणत नाही, परदेशात बघा किती सौजन्य! दुसरी म्हणते, आपल्याच माणसाचे कसले आभार? मग मध्येच तिसरं कुणीतरी: म्हणायचंच तर 'धन्यवाद' म्हणा की, इंग्रजी कशाला? बारा वर्षं बाहेर काढली, म्हणून पंच मी.

माझा निकाल कुणालाच आवडत नाही. २०१८ साली रॉयल सोसायटीच्या एका नियतकालिकात आठ भाषांचा अभ्यास आला होता. घरात, ओळखीपाळखीत माणसं एकमेकांकडे सतत काहीबाही मागतात: ते इकडे दे, जरा सरक. मागितलेलं मिळाल्यावर आभाराचा शब्द किती वेळा येतो, हे रोजच्या संभाषणांच्या चित्रणांवरून मोजलं. सरासरी २० वेळांत एकदा. इंग्रजी बोलणारे सगळ्यांत पुढे, पण तेही साधारण ७ वेळांत एकदाच. इक्वेडोरमधल्या चापाला भाषेत तर आभारासाठी रूढ शब्दच नाही. माणसं तरीही एकमेकांच्या मदतीला येतातच.

म्हणजे सुसंस्कृत परदेशही स्वतःच्या घरात बऱ्यापैकी मुकाच असतो. आम्हाला तो दिसतो बसमध्ये, काउंटरवर, लिफ्टच्या दारात. स्थलांतरित माणसाचा दिवस परक्या लोकांतच जातो, त्यामुळे त्याच्या कानांवर थँक्यूचा पाऊस पडतो आणि सुट्टीत घरी आल्यावर त्याला सगळे तुसडे वाटू लागतात. मलाही वाटले होते. भावाने विमानतळावर बॅग उचलली, मी थँक्यू म्हणालो, आणि तो गाडीत अर्धा तास गप्प होता.

शब्द शिकायचा मात्र मला नादच लागला. ऑफिसात नवीन माणूस आला की आधी त्याच्या भाषेतला हा एक शब्द मागून घ्यायचा. रशियन 'स्पासिबा'च्या पोटात 'देव तुला तारो' आहे. जपानी 'अरिगातो'चं मूळ 'विरळा, क्वचित घडणारं' या अर्थाच्या शब्दात. (तो पोर्तुगीजांकडून आला ही दंतकथा. पोर्तुगीज तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून तो जपानीत आहे.) फ्रेंच 'मेर्सी' ज्या लॅटिन शब्दातून आला, त्याचा अर्थ मोबदला. मला सगळ्यांत आवडलं ते जर्मन 'डांके': ते आणि 'विचार करणं' हे क्रियापद एकाच मुळातले. आपला 'कृतज्ञ' तरी वेगळा कुठे आहे? केलेलं जाणणारा तो कृतज्ञ. आणि आपण आभार देत नाही, मानतो. मानायला तोंड उघडावं लागतंच असं नाही.

तिसऱ्या पक्षाचं, म्हणजे शुद्धतेचं, मला फारसं पटत नाही. इराणी माणसं स्वतःचे शब्द असताना रोज सर्रास 'मेर्सी' म्हणतात, आणि फारसी काही बुडालेली नाही. पोलिश शब्द जर्मनकडून आलेला, तुर्की शब्द अरबीतून. हा शब्द मुळात परक्यांशी बोलायचा, तो इकडून तिकडे जाणारच. 'धन्यवाद' मलाही गोड वाटतो, पण लिफ्टचं दार धरणाऱ्याला म्हटला की भाषण सुरू केल्यासारखं वाटतं.

खरी फजिती शब्दानंतर सुरू होते. पोर्तुगीज मी एका सहकारी बाईंकडून ऐकून उचललं आणि कित्येक महिने सगळ्यांना 'ओब्रिगादा' म्हणत फिरलो. पुरुषाने 'ओब्रिगादो' म्हणायचं असतं, हे सांगायला कुणी धजेना. हसत मात्र सगळे होते. सध्या हाँगकाँगच्या एका सहकाऱ्याकडून कँटोनीज चालू आहे. तिथे दोन शब्द: कुणी काम केलं, मदत केली तर 'म्-गॉय', भेट दिली तर 'दॉ-जे'. परवा पावसात त्याने स्वतःची छत्री पुढे केली. म्हटलं, ही मदत. 'म्-गॉय' म्हणालो. दुसऱ्या दिवशी परत करायला गेलो तर म्हणाला, राहू दे तुझ्याकडेच.


मग 'दॉ-जे'ही म्हणालो.