जुगाराच्या नादावर मराठीत सिनेमा हवा

दारू सोडायला कुणी पुण्यात मुक्तांगणला गेला, तर आता गावातले लोकही म्हणतात, बरं झालं, मार्गी लागला. जुगार सोडायला कुणी डॉक्टरकडे गेल्याचं तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? आपल्या कानावर येतं ते एकदम वसुलीवाले दारात आल्यावर, नाहीतर त्याहून वाईट काही घडल्यावर. दारूचा वास तरी येतो. मोबाइलवर रमी खेळणारा आपल्या शेजारी पाटावर बसून जेवत असतो आणि कुणाला पत्ता नसतो.

माझ्या नात्यातल्या एका मुलाचं असंच झालं. नोकरी चांगली, स्वभावाने गरीब. लोन ॲपवाल्यांनी त्याच्या फोनमधल्या नंबरांवर, अगदी सासऱ्यांनाही, फोन केले तेव्हा घरात कळलं. बायकोने लॉकर उघडला तर पाटल्या गहाण गेलेल्या. सगळे एकच बोलत होते, 'एवढा शिकलेला, अक्कल कुठे गेली?' पुढे कधीतरी तो मला म्हणाला, 'लॉस रिकव्हर झाला असता तर कुणाला कळलंच नसतं. म्हणून खेळत राहिलो.'

या एका वाक्यात सगळा आजार आहे. लाज वाटते म्हणून लपवायचं, लपवलेलं भरून काढायला पुन्हा पैसे लावायचे. म्हणजे आपण त्याला जितकं नावं ठेवू तितका तो खेळत राहणार. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 2013 साली जुगाराचा विकार दारू-ड्रग्जच्या व्यसनांच्या पंगतीत बसवला, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही तो आहे. आपण मात्र अजून 'वाया गेला' म्हणून मोकळे होतो.

खरं तर आपल्या परंपरेला हे दुःख नवीन नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचं सूक्त आहे. सासू द्वेष करते, बायको दुरावते, उद्यापासून खेळणार नाही असं तो ठरवतो आणि फाशांचा आवाज आला की पुन्हा निघतो. इतक्या जवळून, इतक्या कळवळ्याने त्याच्याकडे पाहणारं आपल्या पडद्यावर मला फारसं दिसत नाही. पडद्यावर असतो तो मटक्याचा अड्डा, धूर, गुंड. नाहीतर शेवटच्या डावात सगळं परत जिंकणारा नायक. या नायकाची मला खरंच भीती वाटते. नादात अडकलेला प्रत्येक जण त्या शेवटच्या डावाचीच वाट बघत असतो. पत्ता थोडक्यात हुकला की त्याला हरल्यासारखं वाटत नाही, जिंकत आल्यासारखं वाटतं.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलंच झालं. पण 1887 चा जुगारबंदी कायदा असतानाच मुंबईत 1960 च्या दशकात मटका फोफावला, हेही लक्षात ठेवा. ॲप बंद पडलं तरी क्रिकेटवर सट्टा लावायची 'आयडी' देणारा कुणीतरी भेटतोच.

सिनेमा काय करू शकतो हे मराठीत आपण पाहिलंय. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई'त स्किझोफ्रेनिया, 'अस्तु'मध्ये स्मृतिभ्रंश, 'कासव'मध्ये नैराश्य दाखवलं. 'कासव'ला 2017 मध्ये सुवर्णकमळ मिळालं. त्याहून मोलाचं मला हे वाटतं की डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, हे सिनेमे घेऊन लोकांत गेले आणि खेळानंतर चर्चा घडवून आणल्या. दिवे लागल्यावर कुणीतरी उठून 'आमच्या घरातही...' असं म्हणू शकतं, ती जागा महत्त्वाची.

जुगारावरचा सिनेमा असाच फिरायला हवा: पोलीस लाइनीत, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, बचत गटाच्या बैठकीत. बायकांना आधी दाखवा, कारण दागिने त्यांचे जातात. सोबत एक समुपदेशक बसलेला असावा आणि पडद्यावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर ठळक दिसावा. तिथे मराठीत बोलता येतं.

कुणी अशी पटकथा लिहीत असेल तर माझी एक कळकळीची विनंती. कर्जाचा खरा आकडा तो घरात पहिल्यांदा सांगतो, तो प्रसंग घाईत उरकू नका. पार्श्वसंगीत नको, थप्पड नको. आधी तो आकडा कमी करून सांगेल, बायको पुन्हा विचारेल, मग अजून एक ॲप निघेल. पूर्ण आकडा बाहेर येईपर्यंत कॅमेरा तिथून हलवू नका.