त्यालेच इचारा

गेल्या महिन्यात दादासोबत बँकेत गेले होते. दादाला जन्मापासून दिसत नाही. त्याला चेकबुक हवं होतं. मॅनेजरसाहेबांनी उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "यांना सही जमते का? तुमचं नाव जोडून जॉइंट खातं करून टाकू." दादा समोरच बसलेला. वीस वर्षं शाळेत शिकवतोय तो. आई सोबत होती, ती थेट अहिराणीवर आली, "मना पोऱ्याले डोया नहीत, पन तोंड शे ना! त्यालेच इचारा."

अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2008 मध्येच बँकांना बजावलंय. साहेबांच्या गावीही नव्हतं. विमा कसा खपवायचा याचं ट्रेनिंग त्यांना मिळालेलं असतं, हे मात्र कुणी शिकवलेलं नसतं.

मी स्वतः धुळ्यात साड्यांचं दुकान सांभाळते, हाताखाली पाच जण. म्हणून हे सगळं मला जास्त लागतं. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. तो फक्त सरकारी कचेऱ्यांना लागू आहे असं आमच्या बाजारात सर्रास समजतात. तसं नाही. सेवा देणारा खासगी असला तरी त्यानं ती सुगम करायचीच, आणि नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत 2019 मध्येच संपली. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर पन्नास हजार ते पाच लाख.

आता आपल्याकडची दुकानं बघा. दोन फुटी ओटा, खाली लगेच गटार, मग रस्ता. रॅम्पचा उतार एकास बारा हवा, म्हणजे दोन फुटांना चोवीस फूट लांबी. तो थेट रस्त्याच्या मधोमध जाईल. ही अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. पण ज्यांच्याकडे रॅम्प आहे तिथे काय असतं? त्यावर पुतळे उभे, सेलच्या गाठोड्यांचा ढीग, मालकाची स्कूटर. ते हलवायला इंजिनिअर लागत नाही, मॅनेजरचा एक शब्द पुरतो. म्हणून माझा आग्रह आहे की आधी मॅनेजरला शिकवा. तो गिऱ्हाइकाशी जसं बोलतो, तसाच काउंटरवरचा पोरगा बोलतो.

आणि शिकवणारा दिव्यांगच असावा. मी दादालाच बोलावलं, दुकान उघडायच्या आधी एक तास. त्यानं सांगितलं, हात धरून ओढू नका, तुमचं कोपर पुढे करा. सुट्टे देताना एकेक नोट मोजून हातात द्या. रंग बोलून दाखवा; जिला पूर्वी दिसायचं तिला मोरपंखी म्हटलं की चटकन कळतं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी बोलताना तोंड त्याच्याकडे ठेवा, कपाटाकडे नको. व्हीलचेअरवरच्या बाईशी खाली बसून बोला. आमच्या ट्रायल रूममध्ये व्हीलचेअर शिरतच नाही, हेही त्यानंच दारावर हात फिरवून दाखवलं. दार मोठं करायला सुतार पुढच्या आठवड्यात येतोय.

दादाचं चेकबुक काल आलं. न्यायला या, असा बँकेचा फोन माझ्या मोबाइलवर आला. फॉर्मवर नंबर दादाचा आहे.