बिझनेस क्लासचे 11 कानमंत्र आणि आत्याची द्राक्षासवाची बाटली

परवा भर दुपारी इथे सोलापुरातच, मुरारजी पेठेत आत्याकडे गेले. ऊन मी म्हणत होतं, पारा 43 च्या आसपास. तिनं मला तांब्याभर पाणी दिलं आणि स्वतः मात्र ओठांवरून जीभ फिरवत बसली. तू पण घे की, म्हटलं. तर म्हणते, "नको गं, सवय करतेय. आधीपासूनच कमी करायचं असतं पाणी."

कसली सवय, तर विमानाची. आत्या 68 वर्षांची, माळकरी, शुगर आणि बीपी दोन्ही सांभाळून असलेली. आतेभाऊ लंडनला असतो. आईचे गुडघे बघून त्यानं यंदा हट्टानं बिझनेस क्लासचं तिकीट काढलं. 14 मे, रात्री अडीच, मुंबई. साडेनऊ-दहा तासांचा प्रवास. आत्याचा आजवरचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे काशी, तोही रेल्वेनं.

मग तिनं मोबाईल पुढे केला. भिशीच्या ग्रुपवरून आलेला मेसेज, शीर्षक असं : "बिझनेस क्लासने पहिल्यांदाच रात्रीचा लांबचा प्रवास? हे 11 नियम पाळा. एअर होस्टेससुद्धा सांगणार नाही!" आणि हे 11 नियम आत्या परीक्षेच्या अभ्यासासारखे पाळत होती. शेजारी बॅग उघडी. त्यात सगळ्यात वर कापराची डबी, ओव्याची पुरचुंडी आणि द्राक्षासवाची नवी कोरी बाटली.

मला खरं तर मेसेज वाचून सोडून द्यायची सवय आहे. ही बाटली बघून राहवलं नाही.

"दोन दिवस आधीपासून पाणी कमी करा, विमानात तर घेऊच नका, म्हणजे सारखं उठावं लागणार नाही." सोलापूरकराला पाणी कमी पी म्हणून सांगणाऱ्याला साष्टांग नमस्कार. आमच्या नळाला रोज पाणी येतं कुठे? विमानातली हवा अतिशय कोरडी असते, आर्द्रता बहुतेक वेळा 20 टक्क्यांच्याही खाली. त्यात मे महिन्यात सोलापुरातून निघणारं, शुगर असलेलं माणूस दोन दिवस तहानलेलं चढवायचं? आणि उठावं लागलं तर उठायचं. बिझनेस क्लासमध्ये माणसं मोजकी, सीट ऐसपैस, बाथरूमला रांग क्वचितच. पैसे त्याचेच तर मोजलेत.

"प्रवासाच्या दिवशी बीपी-शुगरच्या गोळ्या बंद ठेवा, चक्कर येते." हे लिहिणाऱ्याला समोर बसवून चार शब्द सुनवावेसे वाटतात. चक्कर येते ती गोळ्या चुकवल्यानं, उपाशी राहिल्यानं, पाणी न प्यायल्यानं. लंडनला आपलं घड्याळ साडेचार तास मागे करावं लागतं, म्हणजे तो दिवस तेवढा लांबतो. रात्रीच्या इन्सुलिनचं काय करायचं, लघवीची गोळी सकाळी घ्यायची की उतरल्यावर, हे प्रश्न खरे आहेत. पण ते नेहमीच्या डॉक्टरांना तिकीट दाखवून विचारायचे असतात. आत्याच्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत कागदावर वेळा लिहून दिल्या. भारताची वेळ एका बाजूला, लंडनची दुसऱ्या बाजूला.

आता तिसरा नियम. बाकीचे दहा एका पारड्यात आणि हा एकटा दुसऱ्यात.

"विमान सुटलं की झोपेची गोळी घ्या आणि वर बिझनेस क्लासला फुकट मिळणारी वाइन. दारू चालत नसेल तर द्राक्षासव किंवा खोकल्याच्या औषधाची दोन झाकणं. थेट लंडनला जाग येईल!"

जाग येईल याची खात्री या गृहस्थाला कुठून आली?

2024 मध्ये 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात जर्मन एरोस्पेस सेंटरच्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. त्यांनी 48 जण घेतले, सगळे 18 ते 40 वयाचे, धडधाकट. निम्म्यांना साध्या खोलीत झोपवलं, निम्म्यांना अशा कक्षात जिथे हवेचा दाब उडत्या विमानातल्याइतका, म्हणजे साधारण 8,000 फुटांवर असतो तेवढा ठेवला होता. एका रात्री तसंच झोपायचं, एका रात्री दोन ग्लास वाइनइतकी दारू घेऊन झोपायचं. साध्या खोलीत दारू घेऊनही रक्तातला ऑक्सिजन 95 च्या आसपास राहिला. विमानासारख्या दाबात दारूशिवाय तो 88 वर आला. दारू आणि तो दाब एकत्र झाल्यावर 85. वर झोपेतही हृदयाचे ठोके मिनिटाला 88 च्या घरात.

कोविडमध्ये बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलेल्या प्रत्येकाला 85 म्हणजे काय ते आठवत असेल. 94 च्या खाली आकडा गेला की आपण बेड शोधत पळत होतो. इथे तर रोगी कुणीच नव्हता, वय 40 च्या आत आणि झोपेची गोळीही नव्हती. आता त्यात 68 चं वय घाला, बीपी घाला, श्वास मंदावणारी झोपेची गोळी घाला. दिवे मालवलेले, पांघरूण डोक्यावर, शेजारच्या प्रवाशाला वाटणार आजीबाई छान झोपल्यात.

आणि द्राक्षासव! आसव आंबवूनच करतात. त्यात दारू बाहेरून घालावी लागत नाही, आतच तयार होते. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला. जेवणानंतर दोन चमचे घेणं वेगळं आणि झोप लागावी म्हणून गोळीवर अर्धी बाटली रिचवणं वेगळं. खोकल्याच्या ज्या औषधांनी गुंगी येते त्यांनी वयस्क माणसाला भ्रम होऊ शकतो, लघवी अडू शकते, अंधारात उठताना तोल जाऊ शकतो. शिवाय आंतरराष्ट्रीय विमानात हातातल्या बॅगेत 100 मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही, त्यामुळे ती सुरक्षा तपासणीतच टोपलीत गेली असती. लिहिणाऱ्यानं स्वतः कधी विमान बघितलंय का, शंका आहे.

झोप यायला सोपा उपाय आहे. विमान रात्री अडीचला, म्हणजे आपली झोपायची वेळ कधीच उलटून गेलेली. विमानतळावरच्या लाउंजमध्ये हलकं खाऊन घ्यायचं, विमानात जेवण नको म्हणून सांगायचं, सीट आडवी करायची आणि पट्टा पांघरुणाच्या वरून बांधायचा. पट्टा वर दिसला की हादरे बसायला लागल्यावर तो तपासायला कुणी उठवत नाही. सीट आडवी-उभी करायची बटणं मात्र दिवे मालवण्याआधीच बघून ठेवायची. गरज वाटली तर बेल दाबून विचारायचं, लाजायचं कारण नाही.

"विमानात ऑक्सिजन कमी असतो, कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगत राहा." अर्ध खरं आहे, मान्य. उडत्या विमानाच्या आत दाब साधारण 6,000 ते 8,000 फुटांवरचा असतो, म्हणजे महाबळेश्वरच्याही बराच वर. पण कापूर हुंगून रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. नाकाला गार लागतं आणि श्वास मोकळा झाल्यासारखं वाटतं, एवढंच. ही पुरचुंडी 2021 मध्ये घरोघर फिरली, तेव्हाही तिनं कुणाचा आकडा वाढवला नाही. वर कापूर पटकन पेटणारा पदार्थ, विमानासाठीच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याचं नाव आहे. आत्याची डबी देवघरात परत गेली. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर तिकिटाआधी डॉक्टरांना विचारायचं, पुरचुंडीला नाही.

"पायात रक्ताची गाठ इकॉनॉमीवाल्यांना होते, बिझनेस क्लासला भीती नाही." हा घोळ 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' या नावानं घातला. जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्येच सांगितलंय की प्रश्न तिकिटाच्या वर्गाचा नाही, चार तासांहून जास्त एका जागी न हलता बसण्याचा आहे. विमान, रेल्वे, एसटी, गाडी, सगळ्याला तेच लागू. धोका दुप्पट होतो, पण मुळात तो लहान, साधारण 6,000 जणांत एकाला. त्यामुळे घाबरायचंही नाही आणि गोळी घेऊन ओंडक्यासारखं पडायचंही नाही. पडल्या पडल्या पावलं वरखाली करायची, जाग आली की एक फेरी मारायची. आडवं होता येतं, पाय लोंबत नाहीत, हा बिझनेस क्लासचा फायदा आहेच, तो नाकारत नाही.

आणि "घट्ट मोजे घाला" हे, नाइलाजानं का होईना, मान्य करावं लागतं. वैद्यकीय प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात लांबच्या विमानप्रवासातल्या अडीच हजारांवर लोकांची नोंद आहे. लक्षणं न दिसणाऱ्या गाठी 50 जणांत सापडल्या. त्यांतले मोजे घातलेले फक्त तिघे. पण ते मोजे मापाचे, घोट्याशी जास्त आणि वर कमी दाब देणारे, औषधाच्या दुकानातले. मेसेजमध्ये पुढे लिहिलंय तसं "क्रेप बँडेज कचकून गुंडाळा" केलं तर उलटाच उपद्व्याप. पायाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास किंवा शुगरमुळे बधिरपणा असेल तर तेही विचारूनच. आणि "सोबत ॲस्पिरिन घ्या" : एवढ्यासाठी घेऊ नका, असं अमेरिकेतल्या छातीविकार तज्ज्ञांच्या संघटनेनं 2012 मध्येच लिहून ठेवलंय.

यानंतरचा नियम वाचून मला हसू आलं, आत्याला मात्र रडू. "शाकाहारी असाल तर 'हिंदू मील' सांगा, शुद्ध सात्त्विक मिळतं." विमान कंपन्यांच्या भाषेत 'हिंदू मील', कोड एचएनएमएल, म्हणजे गोमांस नसलेलं जेवण. त्यात कोंबडी, मटण, मासे, अंडी काहीही असू शकतं. शाकाहारी माणसानं सांगायचं ते 'एशियन व्हेज', कोड एव्हीएमएल. कांदा-लसूण नको तर 'जैन मील', व्हीजेएमएल. आणि हे विमानात बसून नव्हे, निदान 24 तास आधी सांगायचं. आतेभावाला फोन लावला. त्या शहाण्यानं आईचा मेसेज वाचून एचएनएमएल भरून ठेवलं होतं! एकादशीला पाणीसुद्धा बघून पिणारी बाई ती. पंढरपूर इथून तासा-दीड तासावर, आणि तिच्यापुढे आकाशात चिकन करी. बदललं लगेच.

"शेंगदाण्याची चटणी आणि खोबरं जप्त करतात." चटणी नाही करत. कोरडी, नीट पाकीटबंद चटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या, मोठ्या बॅगेत. सोलापूरचा माणूस त्याशिवाय परदेशी गेला तर पोराला तोंड काय दाखवणार? खोबऱ्याचं मात्र खरं निघालं. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेटू शकतं म्हणून तेही धोकादायक मालात. मला वाटलं होतं हीसुद्धा थापच. मेसेजमध्ये जे नाही ते सांगते : भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यामुळे पेढे आणि तुपाची बरणी इथेच.

"औषधं मोठ्या बॅगेत ठेवा, हातात दिसली तर पकडतात." साफ उलटं. सगळी औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. इन्सुलिन तर कधीच खाली द्यायचं नाही. तिथे ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन फेकायच्याच लायकीचं. पॉवर बँकही हातातच.

"चादर न्या, गारठून जाल." बिझनेस क्लासला गादी-पांघरूण मिळतं. सोलापुरी चादर नातवाला द्यायला न्या, ती गोष्ट वेगळी.

राहिला शेवटचा. "बिझनेस क्लासला घाई नसते. तिकिटावरच्या तारखेला रात्री तासभर आधी पोचलं तरी चालतं." रांग छोटी असते हे खरं, पण काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो, तिकीट कुठल्याही वर्गाचं असो. तीन तास आधी पोचायचं. आणि तारीख? मी विचारलं, आत्या, मुंबईला निघायचं कधी? म्हणाली, "14 तारखेच्या सिद्धेश्वरनं. काकांनी कालच बुकिंग केलं."

14 मेचं रात्री अडीच म्हणजे 13 तारखेची रात्र उलटल्यावरचं अडीच. सिद्धेश्वर एक्सप्रेस 14 च्या रात्री सोलापूर सोडेपर्यंत तिचं विमान लंडनला उतरूनसुद्धा अर्धा दिवस झाला असता. तिकीट रद्द केलं, 13 तारखेची सकाळची वंदे भारत काढली. दुपारी दादरला उतरायचं, संध्याकाळी मावशीकडे पाय लांब करायचे आणि रात्री अकराला विमानतळावर.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं, दोन पेले पाणी प्यायली आणि भिशीच्या ग्रुपवर टाकायला म्हणून माझ्याकडून एचएनएमएल आणि एव्हीएमएल मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. बाटली परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला, सील फुटलंय.